कमी खर्चातली हाताने केलेली शुभेच्छापत्रं: कागदापासून टपालपेटीपर्यंत

बडोद्यात मंगळबाजारातून एक चक्कर मारली की लेस, टिकल्या, मोती, गोटा यांचे ढीग दिसतात. पहिल्यांदा कार्ड करणारा माणूस तिथूनच सुरुवात करतो आणि कागदाला पैसे उरत नाहीत. मग पातळ चार्ट पेपरवर जड मोती बसतात आणि कार्ड उभं केलं की मान टाकतं. खर्च नेमका उलटा करायला हवा. निम्म्याहून जास्त पैसे चांगल्या कागदावर घालवा, सजावट मात्र घरातल्या आणि फुकटच्या वस्तूंतून काढा. कार्ड देखणं दिसतं ते सरळ कापामुळे, धारदार घडीमुळे आणि मोकळ्या सोडलेल्या जागेमुळे. या तिन्ही गोष्टींना पैसे पडत नाहीत, सराव लागतो.

खालची सगळी मापं ५ × ७ इंचाच्या घडीच्या कार्डासाठी आहेत. उघडल्यावर ते ७ × १० इंच होतं. नवख्यांना हेच माप सोयीचं, कारण यात कागद कमी वाया जातो आणि पाकीट घरच्या घरी होतं.

काय काय लागेल

- २०० ते २५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद: आयव्हरी, जाड कार्टरिज किंवा हॅन्डमेड
- पाकिटांसाठी १०० जीएसएमचे ए-फोर कागद
- १२ इंची स्टीलची पट्टी आणि गुण्या
- पात्याचं टोक मोडून नवं करता येतं असा कटर
- शाई संपलेलं बॉलपेन
- एचबी पेन्सिल, चांगला खोडरबर, शिवाय ठसे कोरायला एक-दोन मोठे खोडरबर
- ग्लू स्टिक, अर्धा इंची दुहेरी चिकटपट्टी, थोडा फेव्हिकॉल
- पोस्टर कलरच्या तीन बाटल्या: पिवळा, लाल, निळा
- कापताना खाली ठेवायला जाड पुठ्ठा

प्लास्टिकच्या पट्टीवर कटर चालवू नका. पातं पट्टीत घुसतं, पट्टीची कड कायमची खराब होते आणि बोटही कापतं. खाली काच किंवा फरशी ठेवली तर पातं लगेच बोथट होतं. कॅलेंडरच्या मागचा किंवा खोक्याचा पुठ्ठा पुरतो.

१. आधी पाकीट ठरवा, मग कार्ड

हा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं. सुंदर कार्ड होतं आणि त्या मापाचं पाकीट बाजारात मिळत नाही. तयार पाकिटं घेणार असाल तर ती आधी आणा आणि कार्ड लांबीला आणि रुंदीला पाव-पाव इंच लहान ठेवा. कार्डावर उंच सजावट असेल तर अर्धा इंच. पाकीट घरी करायचं असेल तर त्याची मापं सहाव्या पायरीत आहेत.

२. दुकानात उभं राहूनच कागद तपासा

बहुतेक ड्रॉइंग शीट २२ × २८ इंचाच्या असतात. दुकानदार जीएसएम सांगतो, पण कागदाचे तंतू कोणत्या दिशेला आहेत ते सांगत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं. शीट टेबलावर ठेवून एक कड न मोडता हलकेच वळवा, मग दुसऱ्या बाजूने वळवून बघा. ज्या दिशेला कागद सहज वळतो, तिथे वळणाची रेघ तंतूंना समांतर असते. कार्डाची घडी याच दिशेने पडायला हवी. तंतूंना आडवी घडी घातली तर कडेवर कागद फुटतो, रंगीत कागद असेल तर आतला पांढरा भाग दिसतो आणि कार्ड नीट मिटत नाही.

तंतू २८ इंची बाजूला समांतर असतील तर त्या बाजूवर ७ इंचाचे चार भाग आणि २२ इंची बाजूवर १० इंचाचे दोन भाग पाडा. आठ कार्डं निघतात आणि २ × २८ इंचाची पट्टी उरते. ती भेटवस्तूंच्या चिठ्ठ्यांना वापरता येते.

तंतू २२ इंची बाजूला समांतर असतील तर त्या बाजूवर ७ इंचाचे तीन भाग, आणि २८ इंची बाजूवर १०, १० आणि ८ इंच. यातून ५ × ७ ची सहा कार्डं होतात. उरलेल्या ८ × २२ च्या पट्टीचे साडेपाच इंचाचे चार तुकडे केले की ४ × साडेपाचची चार छोटी कार्डं मिळतात, आणि त्यांचीही घडी तंतूंना समांतरच पडते.

दुचाकीवरून शीट गुंडाळून नेली तर तिला बाक येतो आणि तो बरेच दिवस जात नाही. पहिल्या प्रकारची शीट असेल तर दुकानातच १४ × २२ चे दोन तुकडे करून घ्या. दुसऱ्या प्रकारची असेल तर २० × २२ आणि ८ × २२ असे. तंतू तपासल्याशिवाय मात्र कापायला सांगू नका.

हिशेब असाच करायचा: शीटची किंमत भागिले निघणारी कार्डं. उदाहरणादाखल शीट ४० रुपयांची धरली आणि आठ कार्डं निघाली तर एका कार्डाचा कागद ५ रुपयांचा. २० रुपयांच्या पातळ शीटने अडीच रुपये वाचतात खरे, पण पातळ कागद लपवायला वर दुसरा कागद चिकटवावा लागला की ती बचत संपते.

कागद कोणता घ्यावा असा संभ्रम असेल तर फाइन आर्ट्सला शिकणाऱ्या कोणालाही विचारा. बडोद्यात असं कोणी ना कोणी ओळखीचं निघतंच, आणि त्या मुलांना स्वस्त चांगला कागद कुठे मिळतो हे बरोबर ठाऊक असतं.

३. काप आणि घडी

कापण्याच्या खुणा शीटच्या दोन्ही टोकांना करा आणि गुण्याने काटकोन तपासा. शीटची कड कारखान्यातून सरळच आली असेल असं धरून चालू नका. पट्टी घट्ट दाबून कटर तीन-चार वेळा हलक्या हाताने फिरवा. एकाच जोरदार फटक्यात कापायला गेलं की पट्टी सरकते. पट्टी धरणारा हात पात्याच्या वाटेत नको. साताठ कार्डांनंतर पात्याचं टोक मोडून नवं करा, कारण बोथट पातं कागद कापत नाही, फाडतं. लहान मुलं मदतीला असतील तर कटर मोठ्यांच्या हातात राहू द्या. मुलांना ठशांचं आणि चिकटवायचं काम आवडतंही जास्त.

घडीसाठी १० इंची बाजूवर बरोबर ५ इंचांवर वर आणि खाली खूण करा. पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनाने दोनदा रेघ ओढा. कागद कापला न जाता तिथे खाच पडायला हवी. आता कागद कोणत्या बाजूला दुमडायचा यात बहुतेकांची गफलत होते. खाच कार्डाच्या बाहेरच्या अंगाला राहिली पाहिजे आणि मागे उमटलेला उंचवटा आत गेला पाहिजे. उलट दुमडलं तर बाहेरचे तंतू ताणले जाऊन फाटतात. घडी घातल्यावर वर साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाब द्या. थेट कार्डावर चमचा घासला तर चकाकी येते आणि ती पुसता येत नाही.

४. सजावट फुकटच्या सामानातून

पतंगाचा कागद

बडोदेकरांच्या हाताशी असलेलं हे सगळ्यात चांगलं साहित्य. १४ आणि १५ जानेवारीनंतर गच्चीवर, झाडाखाली कापलेल्या पतंगांचा खच पडतो. फाटका असला तरी कागद वापरा. आधी मांजा कात्रीने कापून वेगळा करा. त्याला काचेचा चुरा असतो, म्हणून तो बोटांनी ओढू नका आणि सजावटीत तर अजिबात घेऊ नका. उघड्यावर टाकलात तर पक्षी त्यात अडकतात, म्हणून गुंडाळून, कागदात बांधून कचऱ्यात टाका. बांबूच्या काड्या ठेवून द्या, बारीक जागी गोंद लावायला त्या उपयोगी पडतात.

चुरगळलेला कागद दोन साध्या कागदांमध्ये ठेवून कमी तापलेली इस्त्री फिरवा. वाफ नको आणि पाणी शिंपडणं नको. या कागदाचा रंग कच्चा असतो, ओल लागली की पसरतो. म्हणून फेव्हिकॉल किंवा खळ इथे चालत नाही. ग्लू स्टिक कार्डावर लावा, पतंगाच्या कागदावर नाही. पातळ कागदावर घासली तर तो फाटतो. कार्डावर लावून झाली की वर कागद अलगद टेकवायचा आणि मधून कडेकडे बोट फिरवायचं.

हा कागद अर्धपारदर्शक असल्यामुळे एकावर एक ठेवला की तिसरा रंग दिसतो. पिवळ्यावर गुलाबी आला की नारिंगी, पिवळ्यावर निळा आला की हिरवा. हे फक्त पांढऱ्या कार्डावर खुलतं. चौकोनी तुकडे कोनावर उभे करून अर्धे एकमेकांवर आणले की चार रंगांत आठ रंगांची कंदिलांची माळ होते. उन्हात हे रंग उडतात, म्हणून तयार कार्डं खिडकीजवळ ठेवू नका.

जुन्या लग्नपत्रिका

प्रत्येक घरात यांचा गठ्ठा असतो. उठावाचा गणपती, सोनेरी वेल, मखमली कागद, रेशमी दोरी, सगळं कापून घ्यायचं. नावं आणि पत्ते असलेला भाग मात्र फाडून टाका. सोनेरी वर्खाच्या किंवा प्लास्टिकचा थर असलेल्या भागाला फेव्हिकॉल धरत नाही, आठवड्याभरात तुकडा सुटतो. त्याला दुहेरी चिकटपट्टी लावा. एका कार्डावर पत्रिकेचा एकच तुकडा वापरा. दोन पत्रिकांची नक्षी शेजारी आली की कार्ड उष्टं वाटू लागतं.

खोडरबराचा ठसा

एकसारखी वीस कार्डं करायची तर याच्याइतकं स्वस्त साधन नाही. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने नक्षी गडद काढा, तो कागद खोडरबरावर उलटा ठेवून मागून घासा. नक्षी आपोआप उलटी उतरते आणि छापल्यावर सुलटी येते. थेट खोडरबरावर काढायला गेलात तर अक्षरं उलटी छापली जातील. कोरताना पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला झुकवा, म्हणजे उरलेल्या भागाचा पाया रुंद राहतो. पाया आतून पोखरला गेला तर दहा-बारा ठशांत कड तुटते.

रंग घट्ट दह्याइतका दाट हवा. स्पंजच्या तुकड्यावर तो पसरून ठसा त्यावर टेकवा. ठशावर ब्रशने रंग लावला तर खाचा भरतात आणि नक्षी बुजते. पहिले दोन-तीन ठसे रद्दीवर काढा. कार्डाखाली दुमडलेलं वर्तमानपत्र ठेवलं तर दाब सारखा बसतो. पणती, कोयरी, पान असे भरीव आकार निवडा. बारीक रेघांची नक्षी खोडरबरात टिकत नाही.

भेंडीचा आडवा काप मुलांना द्या. पाच पाकळ्यांचं फूल कोरण्याशिवाय मिळतं. भेंडी किंवा बटाटा कापल्यावर कपड्याने कोरडा करा, नाहीतर त्याचं पाणी रंगात उतरून डाग पडतात. वडाचं किंवा पिंपळाचं पान घेतलं तर रंग पानाच्या मागच्या बाजूला लावायचा, शिरा तिथेच उठून दिसतात. पिकून गळलेलं पान चुरतं, ताजंही फार ओलसर असतं. एक दिवस वहीत दाबून ठेवलेलं पान बरोबर उमटतं.

नक्षीला कल्पना हव्या असतील तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघून या. भिंतींवरच्या चित्रांच्या कडा, कमानी आणि वेलपट्ट्या पेन्सिलीने वहीत उतरवा. घरात संखेड्याचा पाट किंवा झोपाळा असेल तर त्याची सोनेरी नक्षी गडद विटकरी कागदावर फार शोभते. ठिपक्यांची रांगोळीही कार्डाला जन्मजात योग्य आहे: गडद कागद, पांढरं जेल पेन, ५ × ५ ठिपके, दोन ठिपक्यांत ८ मिलिमीटर. खरी रांगोळी गोंदावर भुरभुरवण्याचा मोह टाळा. ती पाकिटात झडते आणि उघडणाऱ्याच्या अंगावर सांडते.

५. अक्षरं

देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं, म्हणून आधी शिरोरेषेची रेघ आखायची. तिच्याखाली अक्षराला २ भाग, मात्रा-वेलांटीसाठी वर १ भाग आणि उकारासाठी खाली १ भाग, अशी चार भागांची जागा धरा. १२ मिलिमीटरचं अक्षर हवं असेल तर एका ओळीला २४ मिलिमीटर लागतात. ही जागा सोडली नाही की ‘शुभेच्छा’मधला उकार खालच्या ओळीत घुसतो. आधी रद्दी कागदावर पूर्ण ओळ लिहून तिची रुंदी मोजा, मगच ती कार्डावर मध्यभागी घ्या.

जाड अक्षरासाठी आइस्क्रीमची काडी टोकाला तिरकी कापली की काम होतं. काना आणि शिरोरेषा साधारण सारख्या जाडीच्या आल्या तर काडीचा कोन बरोबर आहे असं समजा. ग्लॉसी कागदावर शाई फिरते, तिथे हा प्रयोग नको.

लिहिण्याआधी शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या. दीपावलीत दी दीर्घ, दिवाळीत दि ऱ्हस्व. हार्दिकमध्ये दि ऱ्हस्व आणि शुभेच्छामध्ये च्छा. ठसा कोरून झाल्यावर चूक सापडली तर पूर्ण खोडरबर जातो.

आपला पाडवा आणि गुजराती शेजाऱ्यांचं बेसतुं वरस, म्हणजे नवं वर्ष, एकाच दिवशी येतं. म्हणून नक्षीचा ठसा एकच ठेवा आणि मजकूर दोन करा: अर्ध्या कार्डांवर ‘दिवाळी पाडव्याच्या शुभेच्छा’, अर्ध्यांवर ‘साल मुबारक’. गुजराती लिपीत लिहिणार असाल तर तिला शिरोरेषा नसते. तिथे आखलेली वरची रेघ शाई वाळल्यावर खोडून टाका.

गडद कार्डाच्या आत लिहायला पांढरा कागद लावतात. तो पावणेसात × पावणेदहा इंच कापा, घडी घाला आणि घडीजवळ फक्त ५ मिलिमीटरची गोंदाची पट्टी देऊन मागच्या बाजूला चिकटवा. सगळा कागद चिकटवला तर तो सुरकुततो.

याच आतल्या कागदात उभा राहणारा दिवाही करता येतो. त्यासाठी कागद १२० ते १५० जीएसएमचा घ्या. घडीपासून दीड इंच लांब, एक इंच अंतरावर दोन चिरा द्या, तो भाग उलटा आत ढकला आणि त्यावर कागदी पणती चिकटवा. चीर जितकी लांब, कार्ड मिटल्यावर हा ढकललेला भाग घडीपासून त्याच्या दुप्पट पुढे येतो. इथे ३ इंच. पणतीसकट हे अंतर पावणेपाच इंचांच्या आत ठेवा, नाहीतर मिटलेल्या कार्डातून टोक बाहेर डोकावतं. या प्रकारात आतला कागद पूर्ण चिकटवावा लागतो, मात्र ग्लू स्टिकने, आणि ढकललेल्या भागाला गोंद लागू द्यायचा नाही.

चिकटवायला घरची खळ हवी असेल तर एक चमचा मैदा पाच-सहा चमचे पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा आणि चिमूटभर तुरटी घाला. जाड कागदाला ती छान धरते. दोन दिवसांत संपवा. फेव्हिकॉल किंवा खळ लावलेलं कार्ड दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा आणि रात्रभर हलवू नका. वर्तमानपत्रात ठेवलं तर शाई उतरते. पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा वाळायला जवळजवळ दुप्पट वेळ धरा.

६. ए-फोर कागदाचं पाकीट

१०० जीएसएमचा ए-फोर उभा धरा. वरून ४८ मिलिमीटरवर एक आडवी रेघ: ही वरची झडप. तिच्याखाली १३४ मिलिमीटर: हा दर्शनी भाग. खाली उरलेले ११५ मिलिमीटर: ही पाठ. दोन्ही बाजूंनी १३ मिलिमीटरच्या उभ्या रेघा ओढा. मधे १८४ मिलिमीटर उरतील. बाजूच्या पट्ट्या फक्त दर्शनी भागाच्या शेजारी ठेवायच्या, झडप आणि पाठ यांच्या शेजारच्या कापून टाकायच्या. पट्ट्या आत दुमडा, त्यांवर ग्लू स्टिक लावा आणि पाठ वर दुमडून चिकटवा. गोंद पट्टीच्या आतल्या कडेपासून दोन मिलिमीटर अलीकडे थांबवा. तो आत गळला तर पाकीट आतून चिकटतं.

८० जीएसएमचा कागद वापरला तर आतलं रंगीत कार्ड बाहेरून दिसतं. एक पाकीट पुठ्ठ्यावर आखून साचा कापून ठेवा, पुढची पाकिटं भराभर होतात.

७. वजन आणि टपाल

७ × १० इंचाचं २५० जीएसएमचं कार्ड सुमारे ११ ग्रॅम भरतं, वरचं पाकीट सुमारे ६ ग्रॅम. साध्या पत्राचं टपाल २० ग्रॅमच्या टप्प्यांनी मोजलं जातं, म्हणजे सजावटीला तीनच ग्रॅम उरतात. आतला पांढरा कागद, पणती किंवा लग्नपत्रिकेचा जाड तुकडा लावला की पुढचा टप्पा लागतो. एक पूर्ण कार्ड टपाल कार्यालयात वजन करून घ्या आणि तेवढीच तिकिटं सगळ्यांना लावा. तिकिटं कमी पडली तर कार्ड घेणाऱ्याला पैसे भरावे लागतात, आणि शुभेच्छांवर अशी वसुली बरी नव्हे.

टपालाने जाणारी कार्डं सपाट ठेवा. मोती, काचा, फुगीर फुलं शिक्क्याखाली चिरडतात आणि पाकीट आतून फाडतात. ती दांडियाबाजार ते सयाजीगंज अशी हातोहात द्यायच्या कार्डांवर लावा. रंगीत पाकिटावर पत्ता थेट लिहू नका, पांढरी चिठ्ठी चिकटवून काळ्या बॉलपेनाने लिहा, पिनकोडसकट. जेल पेन ओल लागली की पसरतं.

दिवाळीसाठी वेळ अशी बांधा. नवरात्रात रात्री गरब्याला जातात, तेव्हा फक्त कागद आणून कापून ठेवा. दसरा झाला की घड्या आणि ठसे. कोजागिरीपर्यंत सगळी छपाई संपली पाहिजे. एकेक कार्ड पूर्ण करत बसू नका: आधी सगळ्यांचे काप, मग सगळ्यांच्या घड्या, मग सगळ्यांवर पहिला रंग. पहिल्या रंगाचं शेवटचं कार्ड होईपर्यंत पहिलं कार्ड वाळलेलं असतं. वीस कार्डं लागणार असतील तर बावीस कापा, दोन हमखास बिघडतात. बाहेरगावची पाकिटं दिवाळीच्या दहा दिवस आधी पेटीत पडू द्या, गावातली वसुबारसेपर्यंत चालतात.